ब्लाउजचे हुक आणि भांगेचे थेंब

माझ्या सुनेची सकाळी आठची कॅब असते, हिंजवडीला जाणारी. त्याआधी तिला डबा भरायचा असतो, चार्जर शोधायचा असतो, नवऱ्याला तीनदा उठवायचं असतं. गेल्या वर्षी त्यात आणखी एका कामाची भर पडली. सासूच्या ब्लाउजचे हुक लावायचे.

मी पदर खांद्यावर धरून तिच्या खोलीच्या दारात उभी राहायचे. ती तोंडात केसांची पिन धरून भराभरा हुक लावायची आणि पळायची. पोरीने चुकूनही कधी तोंड वाकडं केलं नाही. केलं असतं तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

"आई, गाऊन घालत जा ना," एकदा ती सहज म्हणाली. "घरातच तर असता."

घरातच तर असता! थेरगावातल्या त्या दोन खोल्या आणि एक गॅलरी, एवढंच माझं राज्य उरलं की काय? तिचं काही चुकलं नव्हतं. ज्या दिवशी ती लवकर निघायची त्या दिवशी मी खरंच घरात बसायचे. डांगे चौकातली भाजी बंद, खालचा कट्टा बंद, देऊळ बंद. हुकासाठी माणूस अडतं हे मला सत्तरीत कळलं.

तुम्ही म्हणाल, घरात नवरा होता ना? होता. आहे. देहूरोडला सरकारी नोकरी करून निवृत्त झालेला, धडधाकट आहे. पण त्यांना हे काम सांगितलं की आधी चष्मा शोधायचे, मग उजेड कमी आहे म्हणायचे, मग एक हुक भलत्याच फाशात अडकवून "झालं बघ" म्हणायचे. एके काळी हे या हुकांच्या बाबतीत फार चपळ होते, पण ते काढायच्या बाबतीत. लावायची सवय त्यांना कधी नव्हतीच.

दुखणं माझ्या दोन्ही अंगठ्यांच्या मुळाशी होतं, आणि सकाळी बोटं अशी ताठायची की जणू दुसऱ्या कुणाची उसनी आणली आहेत. हाडांचे डॉक्टर म्हणाले, "झीज आहे, वय आहे." दुखणं मारायची गोळी दिली, पण रोज घेऊ नका, किडनीला बरी नाही, असंही म्हणाले. म्हणजे लाडू हातात द्यायचा आणि खाऊ नको म्हणायचं.

याच बोटांचा मला कोण माज होता! गाड्यांच्या वायरी बांधायच्या कंपनीत मी आयुष्य काढलं. आधी भोसरीला, मग कंपनी चाकणला गेली तशी मीही बसने चाकणला. शेवटची बरीच वर्षं तपासणीच्या टेबलावर होते. वायरीच्या टोकाला धातूची टोपी दाबून बसवतात, ती नीट बसली की नाही हे मी बोट फिरवून सांगायचे. त्या वेळची ती बया, म्हणजे मीच, साहेबांना म्हणायची, "तुमचं मापायचं गेज ठेवा बाजूला. माझी बोटं हेच गेज." साहेबही हसून मान डोलवायचे. आता मला वाटतं, अगं शहाणे, ते लोखंडी गेजसुद्धा दर वर्षी तपासायला जायचं. तुझी बोटं कोण तपासणार होतं?

बया दुसऱ्याही एका बाबतीत फार शहाणी होती. आम्ही चाळीत राहायचो तेव्हा ती महिला मंडळाची चिटणीस होती. व्यसनमुक्तीवर भाषण करायची. तिच्या मते तंबाखू, दारू, भांग, पत्ते आणि दुपारची झोप हे सगळे एकाच माळेचे मणी. एका होळीला शेजारच्या उत्तरेकडच्या बिऱ्हाडाने पातेलंभर थंडाई केली. त्यात भांग आहे असं कळल्यावर ही पदर खोचून गेली आणि सगळं पातेलं चाळीमागच्या गटारीत पालथं करून आली. टाळ्या पडल्या. पण गटारीच्या काठाशी एक शेळी बांधलेली होती, तिने ते मन लावून चाटलं. मग ती शेळी दिवसभर रस्त्याच्या मधोमध बसून होती. तोंडावर असं समाधान की कंपनीची बस तिला वळसा घालून गेली. त्या होळीला आमच्या चाळीत खरी मजा एकट्या शेळीने केली, आणि चिटणीसबाई गच्च डोकेदुखी घेऊन झोपल्या.

तर अशा बाईच्या हातात एक दिवस भांगेच्या तेलाची बाटली आली.

आणली माझ्या कट्ट्यावरच्या मैत्रिणीने. ती इथल्या जुन्या शेतकरी घरातली. आता त्यांच्या वावरात बारा मजली इमारत उभी आहे आणि ही तिच्या सातव्या मजल्यावर राहते, पण बोलणं अजून बांधावरचं. आमच्या कट्ट्यावर एक रीत आहे. एकीला ज्या औषधाचा गुण आला ते तिने बाकीच्यांना द्यायचं. गोळ्या, मलमं, गुडघ्याचे पट्टे सगळं या हातातून त्या हातात फिरत असतं. डॉक्टरला विचारणं म्हणजे मैत्रिणीवर अविश्वास दाखवणं.

"ह्ये घे," ती म्हणाली. "भाच्यानं मोबाइलवरनं मागिवलंय. भांगंचं त्याल हाय. म्हाताऱ्या माणसांच्या सांध्याला लई चांगलं, सीबीडी का काय म्हंत्यात."

"अगं, भांग? मी?"

"मंग काय झालं? तुला कुटं आता कंपनीत जायचंय!"

मी चार दिवस ती बाटली कपाटात साड्यांच्या मागे ठेवली. दार उघडलं की मला चिटणीसबाई कमरेवर हात ठेवून उभ्या दिसायच्या. पाचव्या दिवशी सुनेची कॅब लवकर आली आणि मी पुन्हा घरात अडकले. बाटली काढली आणि जिभेखाली थेंब सोडले. चव गवताची. मग गॅलरीत खुर्ची टाकून बसले, काय होतंय ते बघत.

"काय गं, अशी का बसलीस?" ह्यांनी विचारलं.

"मी गायला लागले तर मला आत घेऊन जा."

"तू रोजच गातेस. मला फरक कसा कळायचा?"

काही झालं नाही. पण पंधरवड्यात बोटं जरा सैल वाटायला लागली. वरचे एक-दोन हुक लागले. मी कट्ट्यावर जाहीर करून टाकलं की भांगेचा गुण आला. माझ्याच तोंडून हे ऐकून मैत्रीण इतकी हसली की तिचा पट्टा गुडघ्यावरून घसरला.

रात्री जेवताना मी घरातही सांगितलं. सून कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. ती घास हातात धरून म्हणाली, "आई, पण तुम्ही त्याच आठवड्यात कट्ट्यावरच्या त्या तेलवाल्या काकूंचे मेथीचे लाडू सुरू केलेत. मिठाचा शेकही तेव्हाच. शिवाय दिवाळीची धुणीभांडी संपली, हात थंड पाण्यातून बाहेर आले. मग गुण नक्की कशाचा?"

मी कपाळाला हात लावला. कारण हे वाक्य तिचं नव्हतंच, माझं होतं. नवीन पोरं-पोरी लाइनवर आली की मी त्यांना पहिल्या दिवशी हेच ऐकवायचे. माल खराब निघायला लागला की घाबरून मशीनचे चार स्क्रू फिरवू नका. एका वेळी एकच फिरवा, थांबा, माल बघा, मग दुसरा. नाहीतर माल सुधारला तरी कशाने सुधारला ते कळणार नाही, आणि उद्या पुन्हा बिघडला की बसाल डोकं धरून. मी यावरून भल्याभल्यांना रडवलंय. आणि स्वतःच्या अंगाची वेळ आली तेव्हा सगळे स्क्रू एकदम फिरवून बसले!

दुसऱ्या दिवशी मी बाटली आणि घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत टाकून, ह्यांना बरोबर घेऊन आमच्या भागातल्या वैद्य बाईंकडे गेले. तरुण मुलगी, पण डोळ्यांत घाई नाही. तिने बाटली उजेडात धरून वाचली आणि ओठ दाबून हसू आवरलं.

"आजी, हे भांगेच्या बियांचं तेल आहे. वाईट नाही, चटणीवर घालून खा. पण तुम्ही जे ऐकून आणलंत ते सीबीडी बियांत जवळजवळ नसतंच. ते पानाफुलांत असतं."

म्हणजे चार दिवस मी साड्यांमागे लपवली ती चटणीची फोडणी! चिटणीसबाईंना उगाच त्रास झाला.

"मग पानांचं द्या," मी म्हणाले. इतकं अंतर आल्यावर मागे कशाला फिरायचं?

तिने मला बसवून नीट समजावलं. आयुर्वेदात या झाडाला विजया म्हणतात. त्यात पुष्कळ द्रव्यं असतात. एक डोक्यात चढतं. सीबीडी हे दुसरं, ते तसं चढत नाही. ती देणार होती त्या औषधात चढणारं द्रव्य अगदी कमी होतं, आणि ते तिच्या चिठ्ठीवरच मिळणार होतं.

"पोलीस येतील का?"

"चिठ्ठी जपून ठेवा. आले तर चहा पाजा."

"आणि बोटं बरी होतील?"

इथे ती हसली नाही. "सांधा नवा होणार नाही, आजी. काही जणांचं दुखणं थोडं उतरतं, काहींना झोप चांगली लागते, काहींची जिवाची घालमेल कमी होते. काहींना काहीच होत नाही. अजून अभ्यास चालू आहेत, पक्कं सांगावं इतकं हातात आलेलं नाही. जो छातीठोक सांगेल ना, तो विकणारा आहे असं समजा."

मला ती तिथेच आवडली. माल पास आहे की नाही हे माहीत नसताना "पास" म्हणणारी माणसं मी फार बघितलीत.

मग तिने पिशवीतल्या आम्हा दोघांच्या सगळ्या गोळ्या टेबलावर मांडायला लावल्या. आधी रक्तदाबाच्या डॉक्टरांना विचारून या, लिव्हरची तपासणी करा, तोंड कोरडं पडेल, पेंग येईल, पोट बिघडेल, तसं झालं तर मला सांगा, मनाने थेंब वाढवू नका. ह्यांनी बाजूच्या खुर्चीतून मान पुढे काढली. "मलाही कंबरेला..."

"आजोबा, तुम्हाला रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे. तुम्ही या बाटलीला हात लावायचा नाही. दोन्ही मिळून रक्त जास्तच पातळ होऊ शकतं."

हे रुसले. परतीच्या वाटेवर रिक्षात म्हणाले, "आयुष्यभर तू भांगेला शिव्या घातल्यास आणि आता तुलाच मिळाली. मी बापडा कोरडा."

रक्तदाबाच्या डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या, तपासणी लिहून दिली, ती चांगली आल्यावर "बघा घेऊन, पण दाब मोजत राहा" म्हणाले. आणि माझी ट्रायल सुरू झाली.

ट्रायल म्हणजे ट्रायल. एकच स्क्रू. थेंब चालू, बाकी सगळं बंद. मिठाचा शेक बंद, अंगठ्याचा पट्टा बंद, मेथीचे लाडू बंद. आणि तेही ऐन थंडीत. बोटं तपासायला गेज पाहिजे, तर माझं गेज म्हणजे ब्लाउज. रोज सकाळी, त्याच वेळी, पलंगाच्या त्याच कडेवर बसून वरून खाली हुक लावत यायचं. जिथे अडेल तिथे थांबायचं आणि सुनेला हाक मारायची.

शेक आणि पट्टा सोडणं सोपं होतं. लाडू नाकारणं महाग पडलं. मैत्रीण डबा घेऊन आली आणि मी नको म्हणाले.

"न्हाई म्हंजी? माझ्या हातचा लाडू न्हाई?"

"अगं, ट्रायल चालू आहे. संक्रांतीपर्यंत थांब."

"कसली ट्रायल? आमी काय त्यात इख घातलंय का?"

डबा आदळून गेली. तेव्हापासून ती कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला बसायला लागली. तिथून मोठ्याने इतर बायांशी बोलायची, "काही बायांना आता भांगंबिगर करमत न्हाई." अख्खा कट्टा माझ्याकडे बघायचा. मी शेळीसारखं समाधानी तोंड करून बसायचे.

सुरुवातीला हातात काहीच फरक नव्हता. तोंड मात्र वाळवंट व्हायचं. पण झोप! कित्येक वर्षांत मी पहाटे तीनला जागी होऊन छत मोजत पडायचे. ती झोप हळूहळू सलग व्हायला लागली. एका दुपारी जरा जास्तच पेंग आली आणि मी आमटीत दोनदा मीठ टाकलं. वैद्य बाईंना सांगितलं तर त्यांनी घ्यायची वेळ बदलून रात्रीची केली. हे मात्र म्हणाले, "आमटी नेहमीसारखीच होती." या माणसाबरोबर मी इतकी वर्षं संसार केला.

मग एका सकाळी वरून तिसरा हुक लागला.  चौथ्याला अडले आणि सुनेला हाक मारली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिसरा. मग दोन दिवस फक्त पहिला, कारण थंडी वाढली होती. मग चौथा. असंच पुढे-मागे चाललं. वायरीचं मशीनही एका दिवसात सुधारत नाही, पण अधूनमधून असा माल सोडतं की कळतं, गाडी रुळावर येतेय.

सून आता दारात उभी राहून विचारायची, "आज कितीव्या नंबरला आउट?" तिला माझा स्कोअर हवा असायचा. कॅबवाला खाली हॉर्न वाजवायचा आणि ही म्हणायची, "एक मिनिट, आईंचा चौथा चालू आहे."

बाटली संपत आली तेव्हा मी वैद्य बाईंना म्हणाले, "आठवडाभर बंद करून बघू का? आम्ही मशीनवर तसंच करायचो. फिरवलेला स्क्रू परत मागे न्यायचा. माल पुन्हा बिघडला तर समजायचं, दुखणं तिथेच होतं."

त्या हसल्या. "करा. एवढ्या कमी मात्रेला चालेल. पण त्रास झाला तर लगेच फोन."

तो आठवडा वाईट गेला. पहिले दोन दिवस काही नाही. मग पहाटेचं छत परत आलं, आणि बोटं पुन्हा उसनी झाली. दुसऱ्या हुकालाच अडायला लागले. त्यात एकदा मी सुनेवर चिडले आणि ती तरीही हुक लावून गेली. मला वाटलं, संपलं, आता गाऊनच. सुनेने आणून ठेवलेला गाऊन कपाटातून काढलाही. मोठमोठी जांभळी फुलं. चिटणीसबाई बया असती तर म्हणाली असती, वयाप्रमाणे वागावं बाईनं. तिचं वय तेव्हा होतं किती, तीस? तिला काय माहीत होतं वयाचं! मी गाऊनची घडी घालून तो फरशी पुसायच्या फडक्यांत टाकला आणि नवी बाटली आणली.

थेंबांनी किती केलं आणि नीट झालेल्या झोपेनं किती केलं, हे मी छातीठोक सांगणार नाही, नाहीतर मीही विकणारी ठरेन. पण माझ्या मशीनला तो स्क्रू लागू होता, एवढं मी माझ्या टेबलावर बसून पास करते.

संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याकडे होतं. गेल्या वर्षी मी ते टाळलं होतं. घरभर बायका येणार आणि मी सुनेने बांधून-आवरून ठेवलेली, ते नको वाटलं. या वर्षी मीच सगळ्यांना सांगत सुटले. चाकणच्या माझ्या जुन्या लाइनवरच्या बाया बोलावल्या. रुसलेल्या मैत्रिणीलाही बोलावलं, तेही कट्ट्याच्या या टोकावरून त्या टोकापर्यंत ओरडून.

सकाळी काळी चंद्रकळा पलंगावर काढून ठेवली आणि खोलीला आतून कडी लावली.

"आई, मी आहे हं बाहेर," सून म्हणाली.

"राहा बाहेरच."

थंडी कडक होती. मी तळहात एकमेकांवर घासले. पहिला लागला. दुसरा लागला. तिसऱ्याला अंगठा कुरकुरला, पण त्याने ऐकलं. चौथ्याला मी डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांनी मी हजारो वायरी तपासल्या होत्या, एक हुक काय चीज आहे? लागला. मग पाचवा. शेवटचा लावायला गेले तर हुक आहे आणि फासा नाही!

एक फासा वरच मोकळा राहिला होता. सगळे हुक एक घर खाली लागले होते. माझी मीच इतकी हसले की बाहेरून हे ओरडले, "चढली वाटतं!"

सगळे काढले. सगळे परत लावले. आता हे सांगायला हवं का, की दुसऱ्यांदा लावताना दुखलं नाही? दुखलं. पण जमलं.

मी चंद्रकळा नेसून कडी काढली. सून दारातच होती. तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, एकेका हुकावर नजर फिरवली. अगदी तपासणीच्या टेबलावरची नजर. मग ती नुसती पाठमोरी झाली. तिने नव्या पद्धतीचा ब्लाउज शिवून घेतला होता, पाठीवर हुक असलेला, आणि तो पाठीवर उघडाच होता.

"आई, माझे जरा लावता का?" ती म्हणाली. "ह्यांना जमत नाहीये."

"त्याच्या वडिलांनाही जमत नाही," मी म्हणाले आणि वरून खाली सगळे लावून टाकले. एकही घर न चुकता.

दुपारी बायका आल्या. लाइनवरच्या एकीने वाण घेताना माझा हात धरला आणि म्हणाली, "अगं, अजून तशीच पकड आहे की तुझी!" मी तिचा हात मुद्दाम जरा जोरात दाबला. ती "आई गं" म्हणाली तेव्हा जे सुख झालं ते मला एकाही बढतीत झालं नव्हतं.

सगळ्यांत शेवटी कट्ट्याच्या त्या टोकावरची मैत्रीण आली, काखेत डबा घेऊन. मी तिला हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला. तिने तो तोंडात टाकला आणि माझ्या ब्लाउजकडे पाहत म्हणाली, "सोताच लावलंस म्हनं. सूनबाई समद्या जिन्यात सांगत सुटलीया."

"व्हय," मी तिच्याच बोलीत म्हणाले.

"मंग झाली का न्हाई तुजी ती ट्रायल?"

"थेंबांची झाली."

तिने डबा उघडून माझ्यापुढे धरला. मेथीचा वास घरभर पसरला. मी हात घातला आणि सगळ्यांत मोठा लाडू उचलला.

"आता याची सुरू," मी म्हणाले.